दुधाच्या दाताची बखर

या दिवाळीत आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी दौंडला आली आहे. "दोन जिवांची आहेस, पोटभर जेव," असे तिची आई दिवसातून चार वेळा तरी बजावते. लेक कंटाळते; मी मात्र मान डोलावतो. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकविताना याच वाक्याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मी सांगत आलो आहे.

तो पुरावा आमच्या शेजारचाच आहे. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृतींनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे जव पिकविणारे शेतकरी नांदत होते. त्यांची मुले दगावत, तेव्हा मातीच्या दोन भांड्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ते पोर ठेवीत आणि घरातल्या जमिनीखालीच पुरीत. आईपासून लांब नको, असेच त्यांना वाटत असेल काय?

या सांगाड्यांचे दात सुभाष वाळिंबे व अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी तपासले. काही दुधाच्या दातांवर त्यांना एनॅमल अपुरे राहिल्याच्या खुणा आढळल्या.

वाचकहो, आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो. परंतु ती कीड नव्हे. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि त्या आम्लात एनॅमलमधले कॅल्शियम व फॉस्फेट विरघळते. लाळ ही झीज काही अंशी भरून काढते. हा झाला तयार दाताचा रोग. इनामगावच्या या खुणा त्याहून निराळ्या. त्या दात घडतानाच्या आहेत.

एनॅमल रचणाऱ्या पेशी काम संपले की नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते. एनॅमलमध्ये राहिलेली उणीव मात्र कधीच भरून येत नाही. दुधाच्या सुळ्याचे एनॅमल गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास धरू लागते आणि जन्मानंतर साधारण नऊ महिन्यांनी पुरे होते. त्या अवधीतली आईची उपासमार, बाळाचे आजारपण यांची नोंद त्यावर राहू शकते. नेमके कारण प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण काहीतरी कमी पडले, एवढे तो दात सांगतो.

आपल्याकडे पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकतात. जमिनीखाली निजलेल्या त्या पोरांचे दात पडण्याइतके वयच झाले नाही. म्हणून तर त्यांची बखर आपल्या हाती आली.

आत्ताच फराळाची ताटे मांडली गेली. पहिले ताट लेकीपुढे गेले. त्यात चकलीशेजारी दुधाचा पेला आहे. ती आज कुरकुरली नाही.