जीपचा पंखा : पट्ट्यापासून विजेपर्यंत

स्वातंत्र्योत्तर भारताच्या प्रशासनाचा इतिहास लिहिताना योजनांचा आणि व्यक्तींचा उल्लेख होतो. जीपचा क्वचितच होतो. वास्तविक जमिनीची मोजणी, निवडणुका, दुष्काळी कामे, सीमेवरील रस्ते या साऱ्यांपर्यंत सरकार पोहोचले ते बव्हंशी जीपमधून. बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना हे वाहन अपरिचित नाही. त्याच्या रेडिएटरमागे फिरणाऱ्या पंख्याचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे. प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. तथापि दौऱ्याच्या नोकरीत या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचे महत्त्व कोणाच्याही ध्यानात येते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात उतरते आणि ते पाणी रेडिएटरमध्ये हवेने निवते. सपाट रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाडीस समोरचा वारा आपोआप मिळतो. चढणीवर, वाळूत किंवा चिखलात मात्र इंजिन पूर्ण ताकद लावीत असते आणि गाडी माणसाच्या चालीने सरकत असते. उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी, अशी ही अवस्था. म्हणूनच शहरी मोटारीत पंखा हा बहुधा मदतनीस असतो, तर आडवाटेच्या वाहनात सारा भार त्याच्यावरच पडतो.

विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ मध्ये घडविलेल्या मर्सिडीज मोटारीत ८,०७० बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता आणि त्यामागे पंखा होता. ही मांडणी पुढे सर्वत्र रूढ झाली. १९४१ पासून निघालेल्या विलिस जीपमध्ये इंजिनच्या पुलीवरून एक पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो अशा तिघांना फिरवीत असे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे या जीपची जुळणी सुरू केली. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर १९६९ पासून सुमारे तीन दशके तयार झालेल्या ‘जोंगा’तही पट्ट्याचाच पंखा होता. पन्नास वर्षांपूर्वी, आपल्या मंडळाच्या आरंभकाळी, सरकारी जीप म्हटली की हाच पंखा असावयाचा.

त्याचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. पट्टा तुटला तर डोळ्यांना दिसे आणि जवळ दुसरा असला की पाना घेऊन चालक तो रस्त्यातच बदली. दोषही उघड होते. पंख्याचा वेग इंजिनच्या वेगाशी बांधलेला. त्यामुळे संथ चालीत, नेमकी गरज असताना, तो मंद फिरे आणि वेगात, गरज नसताना, व्यर्थ शक्ती खाई. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्यास लागणारी शक्ती आठपट होते. शिवाय खोल ओढ्यात पंख्याची पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकून रेडिएटरवर घासण्याचे भय असे. यास्तव जाणते चालक पाण्यात शिरण्यापूर्वी पट्टा सैल करीत.

यावरील पहिला तोडगा यांत्रिकच होता. पंखा आणि त्याचा आस यांच्यामध्ये सिलिकॉनचा दाट द्रव असलेला क्लच बसविण्यात आला. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की द्विधातूची पट्टी किंवा गुंडाळी झडप उघडते, द्रव आत पसरतो आणि पंखा जोमाने फिरू लागतो. हवा निवली की तो जवळजवळ सुटा होतो. त्यास ना तार लागते ना बटण.

विजेच्या पंख्याचा मार्ग दोन गोष्टींनी मोकळा केला. जुना डायनॅमो मंद गतीत पुरेशी वीज देत नसे. १९६०च्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीपासून अल्टरनेटरचा प्रसार वाढत गेला आणि उभ्या गाडीतही वीज पुरू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे आडवे बसविलेले इंजिन. त्याचे टोक रेडिएटरकडे नसल्यामुळे पट्ट्याचा पंखा गैरसोयीचा ठरला. १९६९च्या फियाट १२८ मध्ये विजेचा पंखा आला; आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तो घरोघरी पोहोचविला. इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरताना पाहून त्या काळी अनेकजण चकित होत.

आज आडवाटेसाठी वाहन घेणाऱ्याने, अथवा जुन्या जीपचा पंखा बदलू पाहणाऱ्याने, हा इतिहास ध्यानी घ्यावा. विजेचा पंखा संथ चालीतही पूर्ण वेगाने फिरतो आणि स्वतंत्र बटण असल्यास पाण्यात शिरताना बंद करता येतो. परंतु मोठा पंखा वीस-तीस अँपिअर वीज सहज ओढतो. अल्टरनेटर लहान, तारा बारीक किंवा जोडणी सैल असेल तर तो ऐन चढणीवर दगा देतो, आणि जळलेली मोटर रानात दुरुस्त होत नाही. सुमारे ५,३५० मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत हवा विरळ असते आणि उघडे पाणी ८२-८३ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे कोणत्याही पंख्यास अधिक राबावे लागते. रेडिएटरच्या दाबाच्या झाकणाचे रबर शाबूत असणेही तितकेच अगत्याचे ठरते.

तात्पर्य, ओझे वाहून नेणाऱ्या, दूरवर एकट्याने जाणाऱ्या वाहनास द्रवक्लचाचा यांत्रिक पंखा अद्यापि भरवशाचा. वारंवार पाणी ओलांडणाऱ्या, एरवी शहरात वावरणाऱ्या वाहनास विजेचा सोयीचा, मात्र वीजजोडणी पक्की हवी. दोहोंतही पंख्याभोवतीचे आवरण काढून टाकू नये. त्यावाचून हवा रेडिएटरमधून न येता कडेनेच फिरत राहते.

आपली तरुण मंडळी आता हौसेने लडाख-स्पीतीच्या वाटा धुंडाळतात. निघण्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून आपला पंखा कोणत्या जातीचा आहे हे त्यांनी पाहावे आणि त्याप्रमाणे एक जास्तीचा पट्टा किंवा जास्तीचा फ्यूज सोबत घ्यावा.