पावतीपुस्तक आणि पेठ

आष्टी तालुक्यातल्या एका बाजारगावच्या ग्रामपंचायतीत मी १९७२ साली वसुलीच्या कामाला लागलो. साल दुष्काळाचं. आठवडी बाजाराचा लिलाव घ्यायला कुणी ठेकेदार पुढे येईना, म्हणून पावतीपुस्तक माझ्या हाती आलं. माळवं जवळपास नव्हतंच. तरी कुणी बांगड्या, कुणी केरसुण्या, कुणी मीठ-मिरची घेऊन पाल ठोके. पालामागे काही पैसे घ्यायचे आणि पावती फाडायची. संध्याकाळी पिशवी हलकी असे, पण रिकामी कधी नसे. शंभरातले साठ आले नाहीत तरी चाळीस येत. ठेकेदार मात्र एकच होता आणि तोच आला नव्हता.

पुढे इतिहास वाचायची गोडी लागली, तेव्हा कळलं की ही रीत फार जुनी. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकार आधी कौल देई: या, घरं बांधा, अमुक वर्षं कर माफ. उदमी गोळा करून आणणाऱ्याला शेटेपणाचं वतन मिळे, जोडीला महाजन असे. पेठ रुजली की मग दुकानावर मोहतर्फा, मालावर जकात, धान्याच्या ढिगातून शेव म्हणून मूठ-पसा. आधी वसू द्यायचं, मग घ्यायचं; तेही थोडंथोडं आणि पुष्कळांकडून.

पेठेची बांधणीही त्याच हिशेबाची. दुकानाचं तोंड अरुंद, आत लांबच लांब, पुढे ओटा, मागे नाहीतर माडीवर बिऱ्हाड. चार पावलं टाकली की दुसरं दुकान. माझ्या वसुलीच्या वहीत जुन्या पेठेत शंभर पावलांत वीस घरपट्ट्या निघत. बाहेरच्या प्लॉटिंगमध्ये तेवढ्याच पावलांत चार. गटाराचा फूट मात्र दोन्हीकडे सारख्याच पैशाला पडे. गाव कशाने श्रीमंत होतं आणि कशाने कर्जात जातं, हे मला त्या वहीनं शिकवलं.

आमची आष्टी पूर्वी निजामाच्या मुलखाच्या काठावर. पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. इकडे हाली सिक्क्याचं नाणं, तिकडे कलदार रुपया, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. माल बैलगाडीनं आणि माणूस पायानं. म्हणून बाजारगावं अशा अंतरावर, की सकाळी निघालेला माणूस दिवे लागायच्या आत घरी परतावा. वारही वेगवेगळे, म्हणजे विकणाऱ्याला आठवडाभर फिरता यावं.

१ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्याच सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. मग एसटी आमच्याकडेही आली आणि बाजाराचं तोंड वेशीकडून स्टँडकडे वळलं. त्यात वाईट काही नव्हतं. एसटीतून उतरलेला माणूसही शेवटी पायीच बाजार करतो. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत गेली. आता स्टेशनच्या वाटेनं पेठ वसवायची की नुसते प्लॉट पाडायचे, एवढंच ठरायचं आहे.

चारचाक्यांसाठी रस्ता रुंद होत गेला, तशी पालं कडेला सरकली. एका उभ्या मोटारीच्या जागेत तीन पालं बसतात. म्हणजे तीन चुली आणि तीन पावत्या. मोटार पावती फाडत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालणाऱ्यांसाठी पदपथ हा संविधानाच्या कलम २१ खालचा हक्क मानला. आमच्याकडे तो अजून कागदावरून खाली उतरायचा आहे.

ओळखीची एक आक्का आहे. बहात्तरच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायला होती. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते असेच बायांच्या हातोड्याखालून निघाले. परवा बाजारादिवशी रस्ता ओलांडायला ती माझा दंड धरून उभी होती. गाड्या काही थांबेनात. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बापू, ह्यो रस्ता आमीच केला नव्हं?"