पक्षाचा ‘घरचा मामला’

२६ जुलै १९२४. टेक्सासमधल्या एल पासो शहरात डॉ. लॉरेन्स निक्सन मतदान कर भरल्याची पावती घेऊन केंद्रावर गेले. त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवणारं मतदान. निक्सन यांना मत देऊ दिलं गेलं नाही. ते कृष्णवर्णीय होते, आणि कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येणार नाही असा कायदाच टेक्सासने १९२३ मध्ये केला होता.

तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाला आव्हान देणारं कुणी उरलं नव्हतं. प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यात जमा. नोव्हेंबरचं मतदान हा नुसता उपचार असे. ज्याला प्रायमरीत मत नाही त्याला राज्यकारभारातच मत नाही, असा याचा सरळ अर्थ होता. वास्तविक प्रायमरी आली ती नेमक्या उलट हेतूने. तिकीट वाटपाचा हक्क पक्षाच्या पुढाऱ्यांकडून काढून सामान्य मतदाराला द्यावा, म्हणून विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी लढा दिला आणि १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी या पद्धतीला कौल दिला. सुधारणा म्हणून आलेली ही गोष्ट दक्षिणेत पोचेपर्यंत कुंपण झाली.

निक्सन कोर्टात गेले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचा कायदा रद्द केला. टेक्सासने लगेच शब्द फिरवले: कुणाला मत देऊ द्यायचं ते पक्षाची कार्यकारिणी ठरवेल. निक्सन पुन्हा कोर्टात गेले आणि १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. मग पक्षाच्या राज्य अधिवेशनानेच ठराव केला की सभासदत्व फक्त गोऱ्यांना. आणि १९३५ मध्ये न्यायालयाने हा ठराव एकमताने मान्य केला! पक्ष ही खाजगी संघटना आहे, तिने दारात कुणाला उभं करावं हा तिचा घरचा मामला आहे, असं त्या निकालाचं सार होतं.

ही पळवाट बंद व्हायला १९४४ साल उजाडावं लागलं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात थर्गुड मार्शल यांनी बाजू मांडली, आणि न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने आपलाच जुना निकाल फिरवला. प्रायमरी हा निवडणूक यंत्रणेचा भाग असेल तर ती घेणारा पक्ष खाजगी राहत नाही, हा मुद्दा मान्य झाला. त्याच जुलैमध्ये निक्सन यांनी एल पासोत मत दिलं. मधे वीस वर्षं गेली होती.

तरी डावपेच संपले नव्हते. टेक्सासच्याच फोर्ट बेंड काउंटीत ‘जेबर्ड’ नावाची गोऱ्यांची संघटना प्रायमरीच्या आधी स्वतःचं वेगळं मतदान घेई. तिथे जिंकलेला माणूस पुढे प्रायमरीत बहुधा बिनविरोधच निवडून येई. हा प्रकार न्यायालयाने १९५३ मध्ये थांबवला.

पण मतपेटीच्या आधी मतदार यादी असते. १९६४ मध्ये मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात जणांची नावं यादीत होती. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या अधिवेशनाला राज्यातून जाणारे प्रतिनिधी अर्थातच सगळे गोरे. म्हणून त्या वर्षी ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ उभी राहिली. तिने सर्वांना खुल्या सभा घेतल्या, स्वतःचे प्रतिनिधी निवडले आणि ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी गाठली. मागणी साधी होती: राज्याचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, त्या खुर्च्या आम्हाला द्या.

अधिकारपत्रं तपासणाऱ्या समितीपुढे फॅनी लू हेमर बोलायला बसल्या. दुसऱ्याच्या मळ्यावर वाट्याने शेती करणाऱ्या घरातली ही बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या तर मळ्यावरून हाकललं गेलं. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात त्यांना बेदम मारहाण झाली. हे सगळं त्या शांतपणे, तपशिलाने सांगत होत्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दक्षिणेची मतं गमावायची नव्हती. त्यांनी हेमर बोलत असतानाच घाईने पत्रकारांना बोलावलं आणि थेट प्रक्षेपण तिकडे वळलं. पण वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष संध्याकाळी दाखवली आणि ती देशभर घराघरात पोचली.

पक्षाने तडजोड पुढे केली: दोन खुर्च्या, त्यावर कोण बसणार हेही पक्षच ठरवणार, आणि १९६८ पासून भेदभाव करणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींना प्रवेश नाही असं आश्वासन. हेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या दोन खुर्च्या नाकारल्या. पक्षातल्या अनेक भल्या माणसांनी तेव्हा त्यांना आडमुठं ठरवलं. ते चुकीचं होतं. पुढच्या सगळ्या सुधारणांची वाट त्या नकारातूनच निघाली. चार वर्षांनी शिकागोच्या अधिवेशनात हेमर प्रतिनिधी म्हणून आल्या तेव्हा सभागृहाने उभं राहून त्यांचं स्वागत केलं.

शिकागोत मात्र दुसरीच आग लागली होती. १९६८ च्या प्रायमऱ्यांत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांना मतदारांनी उचलून धरलं. जॉन्सन यांनी माघार घेतली. कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्रीच केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि उमेदवारी मिळाली ती उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या, आत पुढाऱ्यांच्या खिशातले प्रतिनिधी.

या सगळ्याच्या रागातून सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतर डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग जन्माला आला. त्याने जे उघड केलं ते वाचून आजही संताप येतो. किमान वीस राज्यांत प्रतिनिधी निवडण्याचे नियम नव्हते किंवा अपुरे होते. एक तृतीयांशाहून जास्त प्रतिनिधी १९६८ उजाडण्यापूर्वीच जवळजवळ ठरून गेले होते. मिसुरीतल्या एका बैठकीत एका पदाधिकाऱ्याने गैरहजर सभासदांच्या नावाने ४९२ मतं टाकली. हजर माणसं त्याच्या एक तृतीयांश होती. १९६८ च्या प्रतिनिधींत स्त्रिया फक्त १३ टक्के होत्या.

नवे नियम लागू झाले आणि १९७२ मध्ये मायामी बीचला स्त्रियांचा वाटा ४० टक्क्यांवर गेला. शिकागोचे बलाढ्य महापौर रिचर्ड डेली यांच्या गटातले ५९ प्रतिनिधी नियमभंग केला म्हणून अधिवेशनाने बाहेर काढले आणि त्या जागी जेसी जॅक्सन आणि विल्यम सिंगर यांचा गट बसवला. उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली. नोव्हेंबरमध्ये ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

पुढाऱ्यांना हवं ते कारण सापडलं. १९८२ मध्ये हंट आयोगाने खासदार, गव्हर्नर आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना थेट मताधिकार दिला. हे ‘सुपरडेलिगेट’ कुठल्याही प्रायमरीच्या निकालाला बांधील नव्हते. १९८४ मध्ये उमेदवारीसाठी स्वतः उतरलेल्या जॅक्सन यांनी तक्रार केली की मतदारांनी दिलेल्या मतांच्या मानाने आपल्या वाट्याला फारच कमी प्रतिनिधी आले. आकडे त्यांच्या बाजूने होते, आणि त्यांच्याच रेट्यामुळे १९८८ नंतर मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी हा नियम पक्का झाला. सुपरडेलिगेट मात्र राहिले.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन विरुद्ध बर्नी सँडर्स या लढतीत तेच दुखणं वर आलं. क्लिंटन यांना प्रायमऱ्यांतही लाखो मतं जास्त मिळाली, हे खरंच आहे. पण पक्षाच्या मुख्य कार्यालयातल्या लोकांनी कुणाची बाजू घेतली होती ते जुलैमध्ये विकिलीक्सने फोडलेल्या ईमेलमधून दिसलं, आणि अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. सँडर्स यांच्या समर्थकांनी फ्लोरिडात दावा लावला. तिथे पक्षाच्या वकिलाने सांगितलं की मनात आणलं असतं तर पक्ष बंद खोलीत बसूनही उमेदवार ठरवू शकला असता. टेक्सासचा १९३५ चा युक्तिवाद, वेगळ्या कपड्यांत! २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. दाद शेवटी पक्षाच्या आतूनच मिळाली: ऑगस्ट २०१८ मध्ये चुरशीच्या लढतीतल्या पहिल्या फेरीचं मत सुपरडेलिगेटांकडून काढून घेतलं गेलं.

हे बियाणं महाराष्ट्रातही एकदा पेरून पाहिलं गेलं. २०१४ च्या लोकसभेसाठी काँग्रेसने राहुल गांधींच्या आग्रहाने निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यांत वर्धा आणि लातूर होते. मतदार मात्र सामान्य जनता नव्हती, पक्षाचे पदाधिकारीच होते. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. निवडणुकीत दोन्ही जागा भाजपकडे गेल्या, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

आपल्याकडे उमेदवारी कुणी, कशी ठरवायची याबद्दल कायदा गप्प आहे. तिकीट कापलं गेलेला कार्यकर्ता घोषणा देतो, बंडखोरी करतो किंवा घरी बसतो. दाद मागायला त्याला जागा नाही. तिकीट वाटपाचे नियम पक्षाच्या घटनेत लिहा, कुणाला मताचा अधिकार आहे त्याची यादी आधी जाहीर करा, एवढी मागणी तरी कार्यकर्त्यांनी प्रत्येक पक्षात लावून धरली पाहिजे, आणि ती तिकिटं जाहीर होण्याच्या आधी.