पदे, शब्द आणि क्रमांक

म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात राहणाऱ्यास नोटांचा छापखाना अपरिचित नाही. भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या संस्थेचे येथील काम १९९६ साली सुरू झाले. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांचा जो रकाना असतो, त्यातील कन्नड ओळ येथले लोक सहज वाचतात आणि आपण खाली नजर नेऊन मराठी ओळ शोधतो. पण नोट चालते ती त्या सर्व ओळींमागे उभ्या असलेल्या एका अंकामुळे. निरनिराळ्या भाषांचे संगणकीय कोश परस्परांशी जोडण्याचा गेल्या काही दशकांतील सारा खटाटोप याच युक्तीवर उभा आहे.

युक्ती जुनी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले आणि ते अमरकोशाप्रमाणे वर्गांत मांडले गेले. हणमंत्यांचे आयुष्य कर्नाटकात व तंजावरकडे व्यंकोजीराजांच्या चाकरीत बरेच गेले होते, म्हणजे आपल्यासारखाच परमुलखातला कारभारी! पेशवा तोच पंतप्रधान, मुजुमदार तोच अमात्य, सुरनीस तोच सचिव: नावे दोन, पद एक. पद स्थिर असल्यामुळेच नावे बदलता येत होती. तरीही व्यवहाराने आपला निवाडा दिलाच. संस्कृत नाव मोहरेवर राहिले आणि लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ साली वर्डनेट हा इंग्रजी कोश हाती घेतला. त्यात शब्द अकारविल्हे मांडलेले नाहीत. एकाच अर्थाचे शब्द एका गटात बांधून प्रत्येक गटास क्रमांक दिला आणि गटागटांतील नाती नोंदली: गाय हा प्राण्याचा प्रकार, चाक हा गाडीचा भाग, अशी. पुढे १९९६ ते १९९९ या काळात यूरोपातील अनेक भाषांचे कोश याच इंग्रजी गटांच्या आधारे परस्परांस जोडण्यात आले. एका भाषेच्या कोशातून शोधलेला अर्थ दुसऱ्या भाषेच्या कोशात सापडू लागला.

पण येथे एक विलक्षण घोटाळा होता. प्रिन्स्टनचा क्रमांक हा अर्थाचा क्रमांक नव्हताच. संचिकेत ती नोंद कितव्या अक्षरापाशी सुरू होते, ते स्थान तो दाखवीत असे. नवी आवृत्ती निघाली, मध्ये चार शब्द वाढले, की पुढील सर्व क्रमांक सरकत. फायलीला नोंदवहीतील क्रमांक न देता ती कपाटातील कितवी आहे एवढेच लिहून ठेवणाऱ्या कारकुनास कोणत्याही कचेरीत आठवडाभरही ठेवून घेणार नाहीत. परिणामी एका आवृत्तीशी जोडलेला कोश दुसरीशी जुळेना, आणि जुन्या-नव्या क्रमांकांचे तक्ते तयार करणे हेच विद्वानांचे एक स्वतंत्र काम होऊन बसले.

आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी वर्डनेट व त्यासोबत मराठीचे काम झाले. कोकणीचे काम गोवा विद्यापीठाने केले. या साऱ्यांतून इंडोवर्डनेट उभे राहिले. हिंदीतील अर्थगट घ्यावयाचा, त्याच क्रमांकाखाली आपल्या भाषेतील शब्द लिहावयाचे, ही त्याची मुख्य रीत. काम झपाट्याने होते, जोडणी आपोआप होते. मात्र हिंदीत नवऱ्याचा थोरला भाऊ जेठ आणि धाकटा देवर. आपल्याकडे दोघेही दीर. दोन्ही क्रमांकांपुढे दीर लिहिला तर आपल्या भाषेत नसलेला भेद कोशात येतो. न लिहावा तर एक घर रिकामे. येथील कन्नड आणखी निराळी. तीत ‘भाव’ म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा आणि नवऱ्याचा थोरला भाऊही. नव्याने आलेला मराठी माणूस तो शब्द ऐकून भाऊच समजतो. आणि माहेरवाशीण? तिला हिंदीत एका शब्दाचे घर नाही. हिंदीच्या यादीवरून चालणाऱ्याच्या वाटेत ती भेटणारच नाही. तिच्यासाठी मराठीने मुद्दाम वेगळा गट काढून द्यावा लागतो.

म्हणून क्रमांक कोण देतो, हा प्रश्न माझ्या मते क्रमांक कसा देतात याहून मोठा आहे. कोणत्याही एका भाषेच्या कोशावर अवलंबून नसलेली, एकदा दिलेला क्रमांक कधी न बदलणारी आणि सर्व भाषांना आपले अर्थ दाखल करू देणारी एक सामाईक सूची २०१६ साली मांडली गेली. माहेरवाशिणीला तेथे प्रवेश मिळू शकतो. एक नियम मात्र असा, की दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या अर्थासोबत त्याची व्याख्या इंग्रजीत लिहून द्यावी लागते.