केस पद्धत: व्यवस्थापनशिक्षणातील चिकित्सक विचाराचा इतिहास

हार्वर्ड विद्यापीठाचे बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले, तेव्हा व्यवस्थापनाची धड पाठ्यपुस्तकेही नव्हती. पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. त्याच विद्यापीठाच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० पासून नियमांच्या घोकंपट्टीऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रांवरून कायदा शिकवायला सुरुवात केली होती. गे यांना तोच मार्ग हवा होता. अडचण अशी, की न्यायालयाचे निकाल छापील मिळतात. व्यापाऱ्याचे निर्णय मात्र त्याच्या डोक्यात आणि खातेवह्यांत राहतात.

यावर पहिला तोडगा काढला तो तिथे शिकवणारे प्रकाशक आर्च शॉ यांनी. आपल्या वर्गात ते एखाद्या उद्योजकाला बोलावत. तो स्वतःपुढची खरी अडचण मांडे, विद्यार्थी तिची चिकित्सा करून लेखी उपाय सुचवत आणि मग तोच उद्योजक परत येऊन त्या उपायांची वर्गात उलटतपासणी करी. ज्याला त्या निर्णयाची किंमत मोजायची आहे, त्याच्यासमोर स्वतःच्या उत्तराची बाजू मांडावी लागणे, हीच या शिक्षणाची खरी ताकद होती.

१९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डॉनहॅम स्वतः कायदा शिकलेले आणि बँकेत काम केलेले. त्यांनी या प्रयोगाची पद्धत बनवली. त्यांच्या आग्रहावरून मेल्विन कोपलँड यांनी १९२० साली विपणनातील समस्यांचे पुस्तक काढले. १९२१ मध्ये ‘जनरल शू कंपनी’ ही छोटीशी केस, म्हणजे कंपनीपुढच्या अडचणीचे चर्चेसाठी लिहिलेले वर्णन, तयार झाली. लिखित केसमध्ये ती पहिली मानली जाते. तीत कारखाना सुटायच्या बऱ्याच आधी कामगार हातातले काम थांबवत होते. दोष कामगारांचा, देखरेखीचा की कामाच्या व्यवस्थेचा? सल्ला देण्याआधी आणखी कोणती माहिती गोळा करायची? या दुसऱ्या प्रश्नाशी विद्यार्थ्याला थांबवणे हे त्या छोट्या कागदाचे मोठेपण. चार्ल्स ग्रॅग यांनी १९४० च्या आपल्या लेखात या पद्धतीमागचे तत्त्व मांडले: शहाणपण सांगून देता येत नाही. १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या ऑल्ड्रिच हॉलमध्ये बाकांची रचनाही नालाच्या आकाराची झाली. विद्यार्थी प्राध्यापकाइतकेच एकमेकांकडे पाहून वाद घालू लागले.

ही पद्धत भारतात आली ती १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएममधून. विक्रम साराभाई यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या संस्थेचा हार्वर्डशी सहकार्याचा करार होता. प्राध्यापक तिकडे प्रशिक्षण घेऊन आले. पण अमेरिकी कंपन्यांच्या केसवर कायमचे भागणार नव्हते, म्हणून इथल्या उद्योगांवर, पुढे शेतीव्यवसायावरही केस लिहिल्या गेल्या.

पद्धतीवर आक्षेपही झाले. कॅनडातील हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ च्या पुस्तकात म्हटले, की काही पाने वाचून अनुभव नसलेला तरुण ठामपणे निर्णय द्यायला शिकतो. आक्षेप रास्त आहे. केसमध्ये प्रश्न कुणीतरी आधीच निवडलेला असतो आणि माहितीही निवडून मांडलेली असते. प्रत्यक्ष कारभारात प्रश्न नेमका कोणता, हे शोधण्यातच अर्धे काम असते. मिंट्झबर्ग यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमात म्हणूनच नोकरीत असलेल्या व्यवस्थापकांनाच प्रवेश आहे. ते आपापल्या कामातले अनुभव आणि प्रश्न घेऊन वर्गात येतात व सहाध्यायांसोबत ते तपासून पाहतात.