अक्कलकोटची उधारी आणि ४८ केबीचा कॉम्प्युटर

आजचा एपिसोड एका कॅसेटबद्दल आहे. अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या काकांचं किराणा दुकान होतं. काका गेले, दुकान बंद झालं. गेल्या दिवाळीत काकूनं एक डबा हातात दिला, ‘बघ तुला काही कळतंय का.’ आत भजनाच्या चार कॅसेटी आणि पाचवीवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं : ‘उधारी. रन नको. गो टू १००.’

काकांकडे स्पेक्ट्रम प्लस होता हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण तो कधीच भंगारात गेलेला. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीनं स्पेक्ट्रम १९८२ मध्ये इंग्लंडात काढला. झेड-८० प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ, मेमरी ४८ केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्यात मावणार नाही! १९८६ पासून डेसिबेल्स कंपनी तो परवाना घेऊन भारतात विकायची. त्याच सुमारास सरकारच्या ‘क्लास’ योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळत होते, पण ते शाळेचे. स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीला जोडता यायचा.

यात हार्ड डिस्क नाही. प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरवर आवाज म्हणून साठवायचा. किर्रर्र असा आवाज, सेकंदाला साधारण दीड हजार बिट. पूर्ण मेमरी भरायला पाचेक मिनिटं.

मी लॅपटॉपवर ‘फ्यूज’ हा एम्युलेटर घेतला. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्याला मूळ रॉम लागतो. त्याचे हक्क १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले आणि त्यांनी पुढे एम्युलेटरसोबत तो फुकट वाटायची परवानगी दिली, म्हणून हे चोरीचं काम नाही. मग शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर आणला, वायरनं लॅपटॉपला जोडला, आवाज रेकॉर्ड केला. ‘जे’ दाबलं की अख्खा ‘लोड’ शब्द उमटतो, हे शोधण्यात अर्धा तास गेला. एकेका बटणावर एकेक शब्द. इंग्रजीचं स्पेलिंग न येणाऱ्याची सोयच की.

पण दर वेळी ‘टेप लोडिंग एरर’. तीन संध्याकाळी तेच. शेवटी टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारका स्क्रू कणाकणानं फिरवला. हेड तिरकं असलं की बारीक आवाज दबतो आणि बिट चुकतात. किर्रर्र स्वच्छ ऐकू आलं, कडेच्या पट्ट्या निळ्या-पिवळ्या नाचल्या आणि प्रोग्रॅम चढला.

मी लगेच ‘रन’ दाबलं. यादी रिकामी! पोटात गोळाच आला.

मग कॅसेटवरची ओळ आठवली. स्पेक्ट्रम प्रोग्रॅमसोबत त्यातली माहितीही टेपवर साठवतो, पण ‘रन’ म्हटलं की ती पुसून नव्यानं सुरू करतो. ‘गो टू’ म्हटलं तर तसं करत नाही. काकांना हे बहुतेक एकदा सगळी उधारी घालवूनच कळलं असणार. कॅसेटला काही झालं नव्हतं. पुन्हा लोड केलं, गो टू १००.

एकेचाळीस नावं, इंग्रजी अक्षरांत, पुढे रुपये. सतराव्या ओळीवर माझ्या बाबांचं नाव : ३७.५०.

बाबांना फोन लावला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दिले होते मी. त्यानं खोडलं नसेल.’

काकू मात्र म्हणते, दिले नव्हते.