आमचे मेळावे व आमच्या शाळा : एक सिंहावलोकन

आगामी वर्षाच्या कार्यक्रमांची यादी हाती पडली म्हणजे आपल्या नामदेव शिंपी समाजातील बहुतेक घरांत ती प्रथम भिंतीवरील दिनदर्शिकेशी ताडून पाहिली जाते. आषाढ वद्य एकादशीस नर्सीची यात्रा, त्रयोदशीस श्रीनामदेव महाराजांची पुण्यतिथी, कार्तिक शुद्ध एकादशीस जयंती, मग वधूवर परिचय मेळावा आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, अशा तिथ्या व तारखा गृहिणी आठवणीने खुणा करून ठेवतात. याच सुमारास दुसरीही एक यादी मुलांच्या दप्तरातून घरी येते. तीत पालकसभा, स्वातंत्र्यदिन, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, क्रीडास्पर्धा व स्नेहसंमेलन यांची निमंत्रणे असतात. पहिली यादी भिंतीवर लागते, दुसरी बहुधा दप्तरातच राहते. या दोन्ही याद्या वस्तुतः एकाच इतिहासाची दोन पाने आहेत आणि त्यांतील एक पान न वाचता टाकणे आपणांस परवडणारे नाही, एवढेच दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कीर्तन : आपली पहिली शाळा

श्रीनामदेव महाराजांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली झाला. त्यांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद झालेले आहेत. तथापि हिंगोलीजवळचे कयाधू नदीकाठचे नर्सी हेच ते गाव, अशी आपल्या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. पिता दामाशेटी व माता गोणाई यांचे हे शिंपियाचे घर. जवळच्याच औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर हे महाराजांना गुरू लाभले, असे परंपरा सांगते.

महाराजांचे भक्तीतील थोरपण आपण सर्वच जाणतो. परंतु समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक कार्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. वाळवंटात माणसे जमवावयाची, त्यांना समजेल अशा मराठीत त्यांच्याशी बोलावयाचे आणि ऐकणाऱ्यांनाही गावयास लावावयाचे, ही जी कीर्तनाची रीत, तिचे आद्य प्रवर्तक म्हणून वारकरी संप्रदाय नामदेवांकडे पाहतो. त्या काळी सामान्य माणसास पाठशाळेचे दार बंद होते. कीर्तनास दारच नव्हते. तेथे गोरोबा कुंभार आले, सावता माळी आले, सेना न्हावी आले आणि चोखोबाही आले. मंगळवेढ्यास वेस कोसळून चोखोबांचा अंत झाला तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, ही कथा सर्वश्रुत आहे. आपल्या जातीचा मेळावा भरविताना ही गोष्ट दृष्टीआड होऊ देणे उचित नव्हे.

या कीर्तनरूपी शाळेत संपूर्ण कुटुंब शिकत असे, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. माता गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, कन्या लिंबाई, तसेच नारा, म्हादा, गोंदा व विठा हे पुत्र, या सर्वांच्या नावांवर अभंग सांगितले जातात. गंगाखेडहून आलेली जनाबाई तर घरात दळण-कांडण करणारी दासी, परंतु तिचे अभंग आज घरोघरी म्हटले जातात. पुरुष शिकला आणि स्त्री मागे राहिली, असे त्या घरात घडले नाही. सातशे वर्षांपूर्वी एका शिंप्याच्या घरात जे घडले, ते आज प्रत्येक घरात घडले काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुढे महाराज पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे शिखांच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली त्याच घुमानला भरले आणि मराठी माणूस आपल्या शिंपीदादाचे ऋण मानण्यास हजारो मैलांवर गेला. एका मेळाव्याची परंपरा किती दूर पोहोचते, याचे याहून दुसरे उदाहरण शोधावयास नको.

परवानगीचा काळ

आज आपण मंगल कार्यालय ठरवितो, पत्रिका छापतो आणि मेळावा भरवितो. आपल्या आजोबा-पणजोबांना हे इतके सोपे नव्हते. हिंगोली, वसमत व कळमनुरी हे तालुके परभणी जिल्ह्याचे आणि परभणी जिल्हा हैदराबादच्या निझामी संस्थानचा. हिंगोलीस निझामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती व ती १९०३ पर्यंत राहिली. छावणीमुळे गावास व्यापार आला, शिपायांच्या कपड्यांचे कामही आले असावे. विद्या मात्र त्या मानाने फारच थोडी आली.

संस्थानची राजभाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास पुढील शिक्षण घ्यावयाचे म्हणजे परक्या भाषेचा डोंगर आधी ओलांडावा लागे. १९३१ च्या खानेसुमारीत संस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. स्त्रियांचे प्रमाण तर याहूनही पुष्कळच खाली होते. लोकांनी आपल्या पैशाने शाळा काढावयाची म्हटले तरी सरकारची पूर्वपरवानगी लागे. सभा-व्याख्यानांवरही ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानाचे बंधन होते. चार माणसांनी एकत्र बसून शाळेविषयी बोलावे, तर त्यांनाही हुकमाची वाट पाहावी लागावी, असा तो काळ होता.

तथापि मराठवाड्यातील माणसे स्वस्थ बसली नाहीत. औरंगाबादेस सरस्वती भुवन, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा, मोमिनाबादेस म्हणजे आजच्या अंबाजोगाईस योगेश्वरी, अशा शाळा लोकांनी वर्गणीवर उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणात येण्यापूर्वी हिप्परगे व मोमिनाबाद येथे शिक्षक होते, ही गोष्ट शिक्षकी पेशातील आम्हांस नेहमीच अभिमानाची वाटत आली आहे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. गणेशोत्सवातील व्याख्याने व गावोगावची वाचनालये यांतून लोक एकत्र येऊ लागले. १९३८ च्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल संस्थानातील विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे आश्रय दिला. एक गीत म्हणण्यासाठी विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी दाखविली. आज शाळेच्या प्रांगणात ते गीत होते, त्या वेळी आपण उपस्थित असतो काय, हा प्रश्न या ठिकाणी सहजच मनात येतो.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांनी कळस गाठला. सरहद्दीलगतच्या अनेक कुटुंबांनी वऱ्हाडात आसरा घेतला. आपल्याच भागातील वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या संग्रामात आजेगाव येथे देह ठेवला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. देश स्वतंत्र झाल्यानंतर तेरा महिन्यांनी आपल्या घरांवर स्वातंत्र्याचा सूर्य उगवला. वसमत येथे हुतात्मा बहिर्जींच्या स्मरणार्थ विद्यालय व महाविद्यालय चालते. तलवार-बंदुकीच्या लढ्यातील वीराचे स्मारक लोकांनी शाळेच्या रूपाने केले, यातच त्या पिढीची इच्छा काय होती ते स्पष्ट दिसते.

दारे उघडली

मुक्तीनंतर विद्येची दारे एकामागून एक उघडत गेली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज व औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नाने स्थापन झालेले महाविद्यालय सुरू झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले व १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. कडोळीत १९१६ साली जन्मलेल्या नानाजी देशमुखांना शिक्षणासाठी पार राजस्थानपर्यंत जावे लागले होते. आज कडोळीच्या मुलास तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी शिकता येते.

या सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप वा पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कारभारावर देखरेख करणे, शाळेची विकास योजना तयार करणे, अनुदानाच्या पैशाचा विनियोग पाहणे, ही कामे कायद्याने या समितीकडे सोपविली आहेत. ज्या मातीत शाळा काढण्यास परवानगी मागावी लागत होती, त्याच मातीत जिल्हा परिषदेच्या शाळेतील चारांपैकी तीन जागा आईबापांस मिळाल्या. परंतु खुर्ची मिळाली म्हणजे तीवर माणूस बसलाच असे होत नाही. पालकसभेच्या दिवशी मांडलेल्या बाकांपैकी निम्मे रिकामे, आणि सह्यांची वही मुलांबरोबर घरी पाठवून मागाहून भरून घेतलेली, हा प्रकार आम्ही नोकरीच्या काळात अनेकदा पाहिला आहे.

आपला धंदा व शाळेचे दिवस

यात आळस हे एकच कारण आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या धंद्याचे वर्षचक्रच शाळेच्या वर्षचक्रावर येऊन आदळते. जूनमध्ये शाळा उघडतात व त्याच वेळी गणवेशाचे काम येते. पालकसभाही तेव्हाच असते. १५ ऑगस्टच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच नवा गणवेश हवा असतो. मग गौरी-गणपती, पाठोपाठ हिंगोलीचा प्रसिद्ध दसरा. खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने सुरू झालेला हा सार्वजनिक महोत्सव दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे व रामलीला मैदानावर साऱ्या पंचक्रोशीचे लोक जमतात. त्यांचे नवे कपडे मात्र आपल्याच यंत्रावरून उतरावयाचे असतात. त्यानंतर दिवाळी, त्यानंतर लग्नसराई. पुरुष कापतो व शिवतो, घरातील स्त्री काजे-बटण व तुरपाई करते, मुलगी शाळेतून येऊन हातभार लावते. ज्याने वर्गातील चाळीस मुलांचे गणवेश शिवले, तोच बाप झेंडावंदनास आपल्या मुलाच्या मागे उभा राहू शकत नाही. कारण पहाटेपर्यंत त्याचे यंत्र चालू असते.

या कष्टांस आम्ही वंदन करतो. परंतु तयार कपड्यांच्या दुकानांनी आपले गिऱ्हाईक किती ओढून नेले, हे कोणास सांगावयास नको. पुष्कळ घरांत आता नवे शिवण्यापेक्षा कंबर व लांबी कमी-जास्त करून देण्याचेच काम अधिक येते. उद्या मुलाच्या हाती यंत्र असेल किंवा नसेल, विद्या असलीच पाहिजे. हातात यंत्र राहिले तरी त्याला हिशेब, नवे नमुने व बाजार समजण्यासाठी शिक्षणाची गरज पडणारच. म्हणून जूनमधील एका सभेचे दोन तास म्हणजे धंद्याची खोटी न मानता पुढील पिढीचे भांडवल मानावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

येत्या वर्षासाठी काही सूचना

पहिली सूचना अशी की, समाजाच्या कार्यक्रमांच्या यादीतच गावोगावच्या शाळांची पालकसभा व १७ सप्टेंबरचे ध्वजवंदन यांची नोंद व्हावी. प्रत्येक घरातून निदान एक मोठे माणूस हजर राहील, असा पाठपुरावा गावच्या कार्यकर्त्यांनी करावा. ज्या घरी काम अडले असेल तेथे शेजारच्या समाजबंधूने त्या दिवसापुरता कामाचा भार उचलावा.

दुसरी सूचना, महाशिवरात्रीची औंढ्याची यात्रा व समाजाचे मेळावे यांच्या सुमारासच दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. ज्या घरी परीक्षार्थी असेल त्या घरास त्या काळात कोणत्याही समारंभाचा आग्रह धरू नये. मोठ्यांनी दर्शन घ्यावे, मुलाने अभ्यास करावा. नागनाथ त्याच्यावर रागावणार नाही.

तिसरी सूचना गौरवसमारंभाविषयी आहे. ज्यांचे गुण उत्तम त्यांचा सत्कार आपण करतोच. परंतु ज्या मुलीने घरची तुरपाई सांभाळून, जेमतेम गुणांनी का होईना, दहावीची परीक्षा उत्तीर्ण केली, तिलाही व्यासपीठावर बोलवावे आणि तिच्याबरोबर तिच्या आईलाही बोलवावे. व्यवस्थापन समितीतील स्त्रियांच्या जागांसाठी आपल्या माता-भगिनींनी पुढे यावे. जनाबाईच्या घराण्याचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांना मागे ओढू नये.

चौथी व अखेरची सूचना नर्सीच्या यात्रेविषयी आहे. आषाढीस पंढरीची वारी झाल्यावर परतवारीला वारकऱ्यांचा समुदाय नर्सीस लोटतो. त्या दिवशी येताना मुलांना बरोबर आणावे. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेली ‘श्री नामदेव गाथा’ किंवा तिची एखादी लहान आवृत्ती घरात असावी व मुलांकडून ती वाचवून घ्यावी. दर्शन घडले आणि वाचन घडले नाही, तर महाराजांनी वाळवंटात मांडलेली शाळा आपण निम्मीच केली असे होईल.

ज्यांना एकत्र बसण्यास हुकूम लागत होता, त्यांनी चोरून-लपून शाळा चालविल्या. आपणांस तर निमंत्रण येते आणि तेही आपल्याच लेकराच्या हातून येते. यंदा ते दप्तरातून काढून वाचावे, समाजाच्या पत्रिकेशेजारी भिंतीवर लावावे व ठरल्या वेळी शाळेत हजर राहावे, एवढीच सर्व समाजबंधू-भगिनींस नम्र विनंती.